विजेचा कैवारी

आमच्या राउंडसाहेबांना विजेचा फार कैवार. कुणाला भावाचा असतो, कुणाला जातीचा, कुणाला गावाचा, ह्यांना विजेचा. जंगलात कुठं आग लागली आणि एखाद्यानं सहज म्हटलं, "वीज पडली असंल," की ह्यांच्या कपाळाची शीर उठलीच म्हणून समजा. "तू बघितलीस पडताना? मग आळ कशाला घेतोस तिच्यावर?" समोरचा माणूस गांगरून जायचा. मीही सुरुवातीला गांगरले होते. मला वाटलं, कुणा बाईची गोष्ट चालली आहे.

राउंडसाहेब म्हणजे वनपाल. चार-पाच गार्डांचं मिळून एक राउंड, त्याच्यावर वनपाल, त्याच्यावर रेंजर. आमचे हे त्यांच्या हाताखाली गार्ड होते. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तासगावकडची, सपाटीवर वाढलेली. लग्न झालं आणि थेट पाटणच्या वरच्या डोंगरात येऊन पडले. दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, मागं जंगल, पुढं जंगल, बोलायला माणूस नाही. भिंतीपलीकडं हे साहेब एकटे. बायको-पोरं त्यांची गावाकडं, दहिवडीच्या पुढं कुठंतरी माणदेशात.

मला येऊन महिना झाला नसेल. वळवाची हवा सुटली, आभाळ गुरगुरायला लागलं. मी विळा हातात तसाच घेऊन वाळवण आत घ्यायला बाहेर आले तर साहेब अंगणात स्टूल टाकून, घोंगडं पांघरून, तोंड वर करून बसलेले. लख्ख झालं की बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायचे, गडगडलं की थांबायचे आणि ह्यांना हाक मारून सांगायचे, गार्ड, पलीकडच्या सड्यावर पडली. सडा म्हणजे डोंगरमाथ्याचा खडकाळ माळ. मी जांभळाखाली उभी दिसले तेव्हा माझ्यावरच खेकसले. झाडाखालनं हला, हातातला विळा खाली टाका, घरात जाऊन बसा. मीही काही कमी तोंडाची नव्हते. म्हटलं, आणि तुम्ही हो? तर म्हणाले, "मला वळखती ती."

आत येऊन मी ह्यांना विचारलं, ह्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना? हे म्हणाले, आहे, पण ठिकाण जरा वेगळं आहे.

हा कैवार कुठून आला ते मला पुढं कळलं. आग लागली की खात्याला कारण कळवावं लागायचं. कारण माणूस असेल तर तो शोधा, धरा, जबाब घ्या, कोर्टात हेलपाटे घाला. आणि माणूस म्हणजे कोण? कोवळं गवत यावं म्हणून माळ पेटवणारा आपल्याच ओळखीचा शेतकरी, नाहीतर मोहोळाला धूर देणारा कुणी गरीब. त्यापेक्षा वीज लिहिली की काम संपलं. विजेला समन्स लागत नाही. आसपासच्या सगळ्या राउंडांत वर्षभर विजा पडत होत्या, पौषात आणि माघातसुद्धा. आमच्या राउंडात मात्र ज्या खरोखर पडल्या तेवढ्याच.

त्यासाठी साहेब काय करायचे? आग विझली, राख निवली की गुडघ्यांवर बसून जळक्या रानात रांगायचे. खरंच रांगायचे, लहान पोरासारखे. आग कुठून निघाली, कोणत्या अंगाला गेली ते गवताच्या थोटकांवरून हुडकत मागं मागं जायचे आणि एखाद्या जागी बसून राहायचे. विझलेली काडी सापडली, विडीचं थोटूक सापडलं की चेहरा पडायचा. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत साल सोललेलं झाड सापडलं तर त्याच्यावर तळहात ठेवून म्हणायचे, हां, ही तिची. परत यायचे तेव्हा तोंडापासून पायापर्यंत काळे, आणि अंघोळीचं पाणी मी तापवायचं! दारात हा अवतार बघून माझं कपाळच उठायचं.

एका माघात मोठ्या साहेबांचे पाहुणे जंगलात कोंबडी भाजायला आले आणि डोंगराची एक अख्खी सोंड जाळून गेले. रेंजरांनी सांगितलं, वीज लिहून टाका. आमच्या साहेबांनी लिहिलं, साहेबांचे पाहुणे. त्या वर्षी त्यांची बढती व्हायची होती, ती अर्थातच बारगळली. दुसऱ्या एका आगीत ओढ्याकाठी विडीचं थोटूक सापडलं, ते आमच्या ह्यांचंच निघालं. साहेबांनी तेही लिहिलं. ह्यांना लेखी ताकीद आली. मी महिनाभर त्या माणसाला ताक दिलं नाही, बोललेही नाही. ते रोज सकाळी रिकामा तांब्या घेऊन आमच्या दाराशी उभे राहायचे आणि तसेच परत जायचे. रागावले नाहीत आणि माफीही मागितली नाही. शेवटी मलाच लाज वाटली आणि मी तांब्या भरला.

ताकाचं सांगायलाच हवं. आमच्या दारात एक म्हैस होती आणि साहेबांचा जीव त्या ताकावर. मीठ न घालता प्यायचे. पण ताक नुसतं प्यायला लागायचं नाही. त्या भागातल्या गावांत एक चाल होती. माणसाच्या हातची आग लोक मुकाट्यानं झोडपून विझवतील, पण आभाळातून आलेल्या आगीला आधी ताकाची धार दिल्याशिवाय कुणी डहाळी उचलणार नाही. ती देवाघरची, तिला आधी थंड करायचं, मग हात लावायचा. दुसरे साहेब असल्या गोष्टींना हसायचे, लोकांवर ओरडायचे आणि मग एकटेच आग विझवत बसायचे. आमचे साहेब वळवाचे दिवस आले की मला सांगून ठेवायचे, "वैनी, कळशी भरल्याली असू द्या." निरोप आला की मी कळशी घेऊन डोंगर चढायची. साहेब टोपी काढून धार द्यायचे, नमस्कार करायचे आणि मग माणसं कामाला लागायची. मी एकदा विचारलं, तुमचा विश्वास आहे का ह्याच्यावर? ते म्हणाले, चाळीस माणसं येत्यात की विझवायला.

विजेच्या आगीची त्यांना वेगळीच काळजी. म्हणायचे, माणसानं लावलेली आग लगेच दिसते, ही लपते. वीज वाळक्या, पोकळ झाडावर पडते, आणि झाड वरून साफ दिसलं तरी पोटात धुमसत राहतं. पाच-सहा दिवसांनी वारा लागला की तोंड काढतं. म्हणून वादळ झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गार्डांना घेऊन ते माथ्यावर जायचे, धुराची रेघ शोधायचे आणि मग एकेका झाडाचा बुंधा हातानं चाचपत फिरायचे. बुंधा हाताला ऊन लागला की त्याची ढोली फोडायची आणि चिखलानं बुजवायची. आमच्या ह्यांचे पाय त्या दिवसांत भाजलेल्या वांग्यासारखे व्हायचे.

कधी बोलायच्या लहरीत असले की ओट्यावर बसून गावाकडचं सांगायचे. तिकडं मैल मैल झाड नाही, मेंढरांच्या मागं लहानपण गेलं. "आमच्याकडं वणवा न्हाई लागत, वैनी," ते एकदा म्हणाले, "लागाय काय तरी असावं लागतंय." हसून म्हणाले, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला वाघजाईची देवराई होती. दुपारीसुद्धा आत गेलं की अंधारल्यासारखं व्हायचं. तिथली काडी कुणी मोडायची नाही, पडलेलं पानसुद्धा उचलायचं नाही. कुऱ्हाडीचं तर नाव नको. सुंदरा म्हणून गावातलीच एक बाई होती. नवरा मुंबईला, पैसे कधी यायचे, कधी नाही. दोन पोरं घेऊन राहायची आणि हिवाळ्यात जाळरेषा काढायला, म्हणजे वणवा अडवण्यासाठी जंगलात गवत कापून मोकळे पट्टे करायला, रोजावर यायची. आदल्या आषाढात तिचं धाकटं पोर तापानं फणफणलं. घरात एक वाळकी काटकी नाही, बाहेर पाऊस उसंत देईना. बाईनं देवराईत पडलेली थोडी लाकडं आणली आणि चूल पेटवली. गुरवाला कळलं, आरडाओरडा झाला, तिनं देवीपुढं नारळ फोडून नाक घासलं आणि गोष्ट मिटली. मिटली असं आपलं सगळ्यांना वाटलं.

वैशाखात एका दुपारी कोरडं वादळ आलं. पावसाचा थेंब नाही, नुसता कडकडाट. वीज देवराईतल्या सगळ्यात जुन्या बेहड्यावर पडली. सगळ्या गावानं बघितली. मीही क्वार्टरच्या दारातून बघितली. ज्वाळा दिसली नाही, पण झाडाच्या वरच्या दुबेळक्यातून धुराची बारीक रेघ निघत राहिली. साहेब धावत गेले. मी मागून ताक घेऊन गेले. धार दिली, नमस्कार झाला. मग साहेबांनी गुरवाला आणि पोलीस पाटलांना हात जोडून सांगितलं की झाड आतून पेटलं आहे. वर चढून ढोली फोडू द्या, चिखल भरू द्या, नाहीतर राई जाईल. पण देवीच्या झाडावर पाय कोण देणार, कुऱ्हाड कोण लावणार? गुरव म्हणाला, कौल लावू. देवीच्या अंगाला तांदळाचे ओले दाणे चिकटवले. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. डावा पडला. गुरवानं सांगितलं, आता मंगळवारी पुन्हा विचारू.

साहेबांनी मान खाली घातली आणि ऐकलं. आमचे हे म्हणाले, साहेब, सरकारी हुकूम काढा, माणसं आणू बाहेरून. साहेब म्हणाले, न्हाई, त्यांची आई हाय ती. मग त्यांनी राईच्या बाहेरून, हद्द न ओलांडता, चारी बाजूंनी रुंद पट्टा साफ करून घेतला. राईतलं एक पान हलवलं नाही. दिवस उगवला की जाऊन उभे राहायचे, वर बघत. जेवायला हाका माराव्या लागायच्या. धूर कधी दिसायचा, कधी दिसायचा नाही.

सोमवारी सकाळी ते आमच्या ओट्यावर होते. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता आणि मी सुईनं काढत होते. काटा खोल होता, बराच वेळ गेला. हे शेजारी चहा पीत होते. मी सुई खुपसली की साहेब इकडचं तिकडचं बोलायचे, माझ्या म्हशीची चौकशी करायचे. काटा निघाला आणि मी वर बघितलं, तर वारा सुटला होता आणि बेहड्याच्या शेंड्याला आग लागली होती.

राई संध्याकाळपर्यंत जळली. बाहेर साफ केलेला पट्टा होता म्हणून आग तिथंच अडली. खालचं गाव वाचलं, गवताच्या गंजी वाचल्या, वरचा धनगरवाडा वाचला. पट्टा ओलांडून येईल ती ठिणगी लोक डहाळ्यांनी झोडपत होते, आणि आत जे जळत होतं त्याच्याकडं बघून बाया ऊर बडवत होत्या. साहेबांच्या भुवया जळाल्या. ते एका दगडावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं गाव बसलं. आईनं स्वतःच्या हातानं स्वतःची राई जाळली, मग आई गाव सोडून गेली का, असं एक म्हातारा रडत विचारत होता. हळूहळू बोलणं सुंदरावर आलं. राईतली लाकडं कुणी चुलीत घातली? आईनं ती नारळावर सोडली नव्हती, मनात ठेवली होती. घटकाभरात सगळ्यांचं एकमत झालं. तिला वाळीत टाकायचं, विहिरीवर तिच्या हंड्याला कुणी शिवायचं नाही, कामाला कुणी बोलवायचं नाही. सुंदरा खांबाला टेकून बसली होती. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिलाही ते पटलं होतं. पोराला मांडीवर घट्ट धरून ती मान हलवत होती, व्हय, माझ्यामुळंच झालं म्हणून. अशा वेळी बाई विहिरीवर पाणी भरायला जात नाही, जीव द्यायला जाते. मला तेवढंच दिसत होतं.

साहेब मागं उभे होते. ते पुढं आले आणि टोपी काढली.

"तिचा काय संबंध न्हाई," ते म्हणाले. "वीज पडली ती कवाच विझली हुती. तुमच्या आईनंच विझवली हुती. धूर बंद झाला हुता, पर मला धीर निघंना. काल सकाळी म्या गुपचूप आत शिरलो आणि आत विस्तव हाय का बघाय ढोलीत काडी लावली. ती हातची गेली. राई म्या जाळली."

एवढं बोलून ते थांबले. मग पोलीस पाटलांनी आमच्या ह्यांच्याकडं वळून विचारलं, गार्ड, हे खरं का? हे माझ्याकडं बघायला लागले. त्या सकाळी साहेबांची टाच माझ्या मांडीवर होती, हे त्यांना ठाऊक आणि मला ठाऊक. साहेब समोर बघत होते. त्यांनी ह्यांच्याकडं नजरसुद्धा टाकली नाही.

"व्हय," आमचे हे म्हणाले.

मग जे झालं ते सांगायला जीभ रेटत नाही. मारलं नाही कुणी, पण गुरव त्यांच्या पुढ्यात थुंकला. जी माणसं त्यांच्या एका हाकेला डोंगर चढून यायची, ती तोंड फिरवून बसली. साहेब सगळं ऐकून घेत होते. सुंदराकडं मात्र कुणी बघत नव्हतं; गाव तिला विसरून गेलं होतं.

चार दिवसांनी रेंजर आले. तसा माणूस वाईट नव्हता. ओट्यावर बसून त्यांनी साहेबांना समजावलं की सगळ्या गावानं वीज पडताना बघितली आहे, वीज लिहा आणि मोकळे व्हा, मी डोळे झाकून सही करतो. मी चहा देत होते. साहेब नाही म्हणाले. कागदावर वीज लिहिली तर आज ना उद्या ते गावात कळणार आणि गाव पुन्हा त्या बाईच्या दारात जाणार, हे त्यांनी रेंजरांना सांगितलं नाही, मला नंतर सांगितलं. रेंजरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, आयुष्यभर मी वीज म्हणालो की तुम्ही माणूस म्हणालात, निदान आज तरी ऐका.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, साहेब, दुसऱ्याला कधी खोटं कारण लिहू दिलं नाहीत, माझ्या माणसाला ताकीद आणलीत, आणि आता स्वतः हे? मला रडू येत होतं आणि रागही येत होता. खरा राग. असल्या माणसाचं करायचं काय?

ते टाचेवरची जखम चाचपत बसले.

"वैनी, त्या दिशी कुऱ्हाड लावली असती तर राई वाचली असती," ते म्हणाले. "मला म्हाईत हुतं. कौलाला न्हाई भ्यालो म्या, माणसं तोंड फिरवतील म्हणून भ्यालो. मग आग कुणाची सांगा."

मी त्यांच्यासाठी भाकरी टाकायला आत गेले.

बढतीचं नाव कायमचं गेलं. बदली झाली आटपाडीकडच्या माळावर, जिथं राखायला जंगलच नव्हतं. निघायच्या दिवशी पोचवायला आम्ही दोघंच. ट्रंक त्यांच्या खांद्यावर, वळकटी ह्यांच्या. एसटीच्या फाट्याकडं जाणारी वाट विहिरीवरून जायची. सकाळची वेळ, विहिरीवर बायांची गर्दी. साहेबांना बघितलं आणि बायांनी तोंड सोडलं. हात झडतील, डोळे जातील, आमच्या आईला उघडं पाडलंस, तुझं घर उघडं पडंल. आणि ह्या सगळ्यांत वरचा आवाज सुंदराचा. कमरेला पदर खोचून, विहिरीच्या काठावर उभी राहून ती त्यांना शिव्या घालत होती, अगदी मनापासून.

माझ्या अंगाची लाही झाली. मी तरातरा तिच्याकडं निघाले. तोंडावर सांगणार होते तिला, की बाई गं, कुणाला बोलतेस आणि कुणामुळं इथं उभी आहेस.

"वैनी, ऱ्हाऊ द्या," साहेब मागून म्हणाले. "कळलं तर पुना स्वतःलाच धरंल ती."

मी थांबले. तेही थांबले होते. खांद्यावरची ट्रंक त्यांनी खाली ठेवली आणि विहिरीकडं बघत उभे राहिले. शिव्या चालूच होत्या. बोलून बोलून सुंदरा दमली, तिनं भरलेला हंडा उचलायला हात घातला, आणि शेजारच्या पाटलांच्या सुनेनं दुसऱ्या बाजूनं हात लावून तो तिच्या डोक्यावर चढवून दिला.

"बघितलं का?" साहेब मला हळूच म्हणाले. "शिवल्या तिच्या हंड्याला."

मग त्यांनी ट्रंक उचलली आणि आम्ही फाट्याकडं निघालो.